वेशीबाहेरचे बारसे

पूर्वी रेवेच्या काठी माहिष्मती नगरीत सुरुची नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कांबळी विणणाऱ्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव शोभित. मोठा झाल्यावर त्याने वडिलांचाच माग चालवला. विदिशेच्या एका धनिक व्यापाऱ्याच्या मुलीशी, तिष्येशी, त्याचे लग्न झाले. तिष्येने त्याला स्वतः पसंत केले होते. तिच्या आईला, वसुमतीला, मात्र हा जावई कधी मनापासून पटला नाही. "आमच्याकडे कांबळी नोकरांना देतात," असे ती लग्नाच्या मांडवातच म्हणाली होती, आणि बोधिसत्त्वाने ते हसून ऐकून घेतले होते.

तिष्येचे पहिले मूल जन्मताच गेले. दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले तसा तिचा धीर सुटू लागला. ती नवऱ्याला म्हणाली, "मला दुसरं काही नको. आईला घेऊन या."

बोधिसत्त्वाने तिला शेजारणींच्या हवाली केले आणि विंध्य ओलांडून तो विदिशेला चालत गेला. निरोप ऐकताच वसुमतीने कोठाराच्या किल्ल्या सुनेच्या हातात टाकल्या आणि पायांत वहाणा सरकवल्या. गाडीरस्ता पर्वताला वळसा घालून जाई आणि त्याला फार वेळ लागे. म्हणून दोघे घाटाच्या पायवाटेने निघाले.

वसुमती चालायला काटक होती आणि बोलायला त्याहून. पण वाटेत ती कुणाकडून काही घेत नसे. पाण्याचा घडा तिचा, सातूच्या पिठाची पुरचुंडी तिची, अंथरायचे वस्त्रही तिचेच. गावातल्या बायका ओसरीवर बसायला बोलवत, तरी ती बाहेरच्या झाडाखाली बसे. बोधिसत्त्वाने एकदा कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "कुणाचं घेतलं की त्याचं मिंधं व्हावं लागतं, जावईबुवा. आजवर मी कुणाची मिंधी झाले नाही."

असे कित्येक दिवस चालून ते घाटमाथ्यावर पोहोचले. तिथून उतरले की संध्याकाळपर्यंत माहिष्मती येणार होती. वैशाखाचे दिवस होते. ऊन चढायच्या आत निम्मा घाट उतरून व्हावा म्हणून दोघे तांबडे फुटताच निघाले.

थोडे उतरले तोच वसुमतीच्या वहाणेचा अंगठा तुटला. ती एका दगडावर बसून दोरी शोधू लागली. तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेला एक म्हातारा चढण चढून आला. त्याने मोळी खाली ठेवली, न विचारता वहाण हातात घेतली, पळसाच्या मुळाचा वाख काढून अंगठा पक्का बांधला आणि वहाण तिच्या पायाशी ठेवली.

"आता हा काहीतरी मागेल," वसुमती हलक्या आवाजात म्हणाली.

म्हातारा मोळी उचलून वर चालू लागला. वळणावर दिसेनासा झाला तरी त्याने मागे पाहिले नाही.

"त्याचं नावही विचारलं नाही आपण," बोधिसत्त्व म्हणाला.

चालताना वसुमतीने दोनतीनदा खाली वहाणेकडे पाहिले.

पुढे मेंढपाळांचा एक तांडा भेटला. त्यांनी भुंकणारे कुत्रे आवरले आणि सांगितले, "खालची वाट ढासळली आहे. डावीकडच्या सोंडेवरून उतरा. लांब पडेल, पण सुखरूप पोहोचाल." दोघे डावीकडे वळले. ती उतरण सुट्या मुरुमाची होती. अर्ध्या वाटेवर वसुमतीचा पाय सरकला. बोधिसत्त्वाने तिला दंडाला धरून सावरले, पण घडा हातातून निसटला आणि खाली दरीत जाऊन फुटला. तिचा घोटाही मुरगळला.

त्या सोंडेवर झाड म्हणून नव्हते. दुपार होईपर्यंत वसुमतीचे ओठ कोरडे पडले आणि बोलणे थांबले. तिचे बोलणे थांबलेले पाहून बोधिसत्त्व घाबरला. त्याने तिला पाठीवर घेतले. खाली एका खडकाच्या सावलीला आणून बसवले, तेव्हा ती डोळे मिटूनच होती. "आई," त्याने हाक मारली. "तिष्या वाट पाहतेय, आई."

तेव्हा काठीवर काठी आपटल्याचा आवाज आला. त्या काळी चांडाळांना वाटेने जाताना असा आवाज करावा लागे, म्हणजे इतर लोक बाजूला होत. एक मध्यम वयाची बाई डोक्यावर घडा घेऊन येत होती. ती बऱ्याच अंतरावर थांबली, घडा जमिनीवर ठेवला आणि मागे सरून म्हणाली, "दादा, मी सामा. पलीकडच्या चांडाळवस्तीतली. तुम्ही कोरड्या सोंडेवरून उतरताना दिसलात. तिथं पाणी नाही, म्हणून आणलं. घ्यायचं तर घ्या. नाही घेतलं तरी राग नाही."

"इतक्या उन्हात केवळ आमच्यासाठी आलीस?"

"दुसरं कोण होतं इथं?" सामा म्हणाली.

बोधिसत्त्व उठून तिच्यापर्यंत गेला. जमिनीवरचा घडा त्याने उचलून तिच्याच हातात दिला आणि ओंजळ पुढे केली. "ओत, ताई." सामा क्षणभर गोंधळली. मग तिने पाणी ओतले आणि तो प्यायला.

वसुमतीने डोळे उघडले होते. तिने सगळे पाहिले होते. सामा घडा घेऊन जवळ आली, तेव्हा वसुमती तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. हात उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

"माय, कुठं निघालीस या पायानं?" सामाने विचारले.

"लेकीकडं. बाळंत व्हायचीय."

"मग पी," सामा म्हणाली. "लेकीसाठी पी."

वसुमतीने ओंजळ केली. पहिला घोट तिने डोळे मिटून घेतला. त्यानंतर ती थांबलीच नाही.

सामाने तिचा सुजलेला पाय आपल्या मांडीवर घेतला, घड्यातल्या उरल्या पाण्याने धुतला, कुठलासा पाला ठेचून घोट्यावर बांधला. मग तिने वसुमतीला एका बाजूने धरले, बोधिसत्त्वाने दुसऱ्या बाजूने, आणि तिघे उरलेला घाट उतरले. उतरताना वसुमतीचे बोलणे परत आले. सामाला किती मुले, नवरा काय करतो, इतक्या लांबून पाणी का आणावे लागते, सगळे तिने विचारून घेतले.

घाट संपतो तिथे पायवाट गाडीरस्त्याला मिळत होती. नेमका त्या वेळी पिंगल नावाच्या सार्थवाहाचा व्यापारी गाड्यांचा तांडा माहिष्मतीकडे चालला होता. पिंगल बोधिसत्त्वाला ओळखत होता. बोधिसत्त्वाने विणलेली सगळी कांबळी दक्षिणेच्या बाजारात न्यायचे पिंगलने कबूल केले होते, आणि बोधिसत्त्वाने वर्षभर त्या भरवशावर माग चालवला होता. काठ्यांचा आवाज न करता, काखेत रिकामा घडा घेऊन एक चांडाळीण वसुमतीला धरून उतरताना तांड्यातल्या लोकांनी पाहिले आणि गाड्या थांबल्या. सामा लगेच हात सोडून रस्त्यापासून दूर जाऊन उभी राहिली.

पिंगल खाली उतरला. तो वाईट माणूस नव्हता. वसुमतीचा पाय पाहून तो कळवळला. "शोभिता, आईंना माझ्या गाडीत बसव. तूही बस. दिवस कलायच्या आत घरी पोहोचाल." मग तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "एवढंच सांग, की त्या बाईच्या हातचं पाणी तुम्ही प्यायला नाहीत. तिनं मागून येऊन धरलं, असं म्हण. माझी माणसं ऐकताहेत. तू 'नाही' म्हणालास की झालं. नाहीतर ती तुमच्याबरोबर बसणार नाहीत, आणि तुझा मालही गाडीत चढू देणार नाहीत."

बोधिसत्त्वाला तिष्येचा चेहरा दिसला. गाडी समोर होती. एक शब्द बोलला की पुरे होते. त्याने रस्त्याच्या कडेला पाहिले. सामा खाली मान घालून उभी होती. काय चालले आहे ते तिला कळत होते, आणि तो 'नाही' म्हणेल अशी तिची तयारी झालेली दिसत होती.

"सार्थवाह," तो म्हणाला, "तिनं पाणी आणलं नसतं तर आम्ही इथवर आलो नसतो. मी तिच्या हातून प्यालो आहे. मी चालत येतो. आईंना तेवढं घेऊन जा."

"आणि त्या?" पिंगलने विचारले.

बोधिसत्त्वाने वसुमतीकडे पाहिले. सासूबाईंच्या वतीने खोटे बोलणे त्याला शक्य नव्हते, आणि खरे बोलून त्यांची गाडी हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्याला वाटेना.

वसुमती एका पायावर जोर देऊन ताठ उभी राहिली. "माझ्याबद्दल मला विचार ना," ती म्हणाली. "मीही प्याले. पोटभर प्याले. तिनं माझा पाय मांडीवर घेऊन धुतला. घरच्या सुनांनीही कधी धुतला नाही. मिंधी झालेय मी तिची. जा तू, आम्ही येतो मागून."

गाड्या निघून गेल्या. धूळ खाली बसली. मग वसुमती म्हणाली, "सामा, अशी लांब काय उभी राहिलीस? मला धर."

थोड्या अंतरावर एक कुंभार रिकामी गाढवे घेऊन नगराकडे जाताना भेटला. त्याने त्यांची अवस्था पाहिली आणि काही न विचारता एका गाढवावर पोती घडी करून टाकली. विदिशेच्या धनिक व्यापाऱ्याची पत्नी गाढवावर बसून माहिष्मतीला आली. गाढव मध्येच थांबे, तेव्हा ती त्यालाही रागावत होती. बोधिसत्त्वाला हसू आवरेना. "हसा, जावईबुवा," ती म्हणाली, "तुमच्यासारख्या जावयामुळंच हे दिवस आलेत." पण तीही हसत होती.

वेशीपाशी सामा थांबली. पुढे जायला तिला परवानगी नव्हती.

"बारशाला ये," वसुमती म्हणाली.

"मला आत कोण येऊ देईल, माय?"

वसुमतीने वेशीकडे पाहिले, मग सामाकडे. "मग आम्ही बाहेर येऊ," ती म्हणाली.

घरी तिष्येला कळा सुरू झाल्या होत्या. शेजारणी घाबरून गेल्या होत्या. अंगणातून आईचा आवाज ऐकू आला आणि तिष्या रडू लागली. मग तिने श्वास घेतला, आणि तिला बळ आले. सूर्य मावळता मावळता तिला मुलगी झाली. मुलगी मोठ्याने रडली. ते ऐकून दाराबाहेर उभ्या असलेल्या बोधिसत्त्वाने हात जोडले.

बारसे वेशीबाहेरच्या जांभळीखाली झाले. काही शेजारी आले, काही आले नाहीत. पाळणा कुंभाराने आणून दिलेल्या बांबूंना टांगला होता. पहिला झोका सामाने दिला. पिंगलने बोधिसत्त्वाची कांबळी पुन्हा कधी घेतली नाहीत. बोधिसत्त्व ती वेशीजवळ बसून एकेक विकू लागला. संसार साधाच राहिला. वसुमती मात्र त्यानंतर दर उन्हाळ्यात लेकीकडे घाटवाटेने येत असे, आणि वाटेतल्या प्रत्येक ओसरीवर बसून येत असल्यामुळे तिला फार उशीर होई.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, जेतवनाच्या विहारात सांगितली. अवंतीहून चालत आलेले काही भिक्षू त्या दिवशी तिथे पोहोचले होते. त्यांतल्या भद्रक नावाच्या तरुण भिक्षूने आदल्या दिवशी वाटेत एका चांडाळ बाईने दिलेली आंबील पात्रात घेतली नव्हती, आणि सोबतचे भिक्षू त्याबद्दल त्याला टोचून बोलत होते.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाची तिष्या ही आजची राहुलमाता. वसुमती म्हणजे ही पलीकडे बसलेली वृद्ध भिक्षुणी धर्मशीला. बोलणं तिचं अजून तसंच आहे. कांबळी विणणारा शोभित मी होतो. पिंगल सार्थवाह म्हणजे हा भद्रक. त्याला टोचू नका, तोही पुष्कळ चालून आला आहे."

भद्रकाने मान वर केली. "आणि सामा, भगवन्?"

"सामा म्हणजे जिची आंबील तू काल घेतली नाहीस, ती."

भद्रक उठला. मग त्याने वंदन केले, पात्र उचलले आणि ज्या वाटेने आला होता त्या वाटेने परत चालू लागला.

ज्याच्या हातून मिळाले त्याचे नाव चारचौघांत सांगणे, आणि त्यासाठी पदरचे गमवावे लागले तरी न कचरणे, याला कृतज्ञता म्हणतात.