विजयाची घंटा

अठरावं शतक नुकतंच उजाडलं होतं आणि युरोपातल्या राजांना लढाईची चटक लागली होती. वाल्डेनाऊचा ड्यूक ओटोकार मागे कसा राहील? त्याने एका खेड्यातली सगळी जवान पोरं सैन्यात नेली, वर चर्चची घंटा वितळवून तिची तोफ ओतली.

युद्ध जिंकल्यावर त्याच तोफेची पुन्हा घंटा करून तो मिरवत गावात आला. "वाजवा माझ्या विजयासाठी!"

घंटा वाजवणाऱ्या उर्सुलाचे मुलगे रणातच राहिले होते. ती म्हणाली, "महाराज, आमच्याकडे नवी घंटा आधी मेलेल्यांसाठी वाजते. माणसामागे एक टोला. तोवर सगळ्यांनी टोपी काढून उभं राहायचं."

धर्माची रीत चारचौघांत कशी मोडणार? ड्यूकने पिसांची टोपी काढली. डोक्यावर बर्फ साचला, तरी टोले थांबेनात. शेवटी तो कडाडला, "म्हातारे, एवढ्याशा गावात एवढी माणसं मेली?"

"गावचे केव्हाच झाले, महाराज. ही तोफ असताना हिने मारलेले आता चाललेत. कुठे थांबू, तेवढं सांगा."

ड्यूकला ते ठाऊक नव्हतं. टोपी चढवून तो निघून गेला.

उर्सुलालाही ठाऊक नव्हतं. ती दोर ओढतच राहिली.