सटवाजीचं जोतं

नांदणगावच्या नगरपालिकेला चौदा पायऱ्या आहेत. कचेरीला एवढं उंच जोतं कशाला, असं नवखा माणूस विचारतोच. मग म्हातारी माणसं त्याला जोत्याचा दगड दाखवतात. खालचे थर काळ्या, एकसारख्या दगडाचे. वरचे लहानमोठे, घरगुती. त्यात एक दिव्याचा कोनाडासुद्धा आहे.

सांगतात ते असं. इमारतीचं काम सटवाजी पाथरवटाकडे होतं. नकाशात जोतं चार हात उंच होतं. पण सटवाजीने पूर्वी महादेवाच्या देवळाची भिंत दुरुस्त केली होती, तेव्हा डोक्याच्याही वरच्या सांध्यांतून त्याला नदीचे शिंपले मिळाले होते. पाणी कधीकाळी तिथवर चढलं होतं, हे त्याने ओळखलं होतं.

"साहेब, जोतं सात हात करा," तो इंजिनिअरसाहेबांना म्हणाला.

"दगड चार हातांपुरताच मंजूर आहे, सटवाजी. जास्तीचा आणू कुठून?"

सटवाजीने अकरा वर्षं खपून स्वतःचं दगडी घर उभं केलं होतं. त्या संध्याकाळी तो भिंतीला हात लावून बराच वेळ उभा राहिला. बायकोला, ठकूबाईला, सगळं कळलं.

"भिंती काढल्यावर आपण ऱ्हायाचं कुठं?"

"झोपडीत. पण पूर आला, तर गाव कुठं ऱ्हाईल?"

सकाळी ठकूबाईने दिव्याचा कोनाडा पदराने पुसला आणि म्हणाली, "आधी ह्यो काढा. मागं ठिवला तर माझा जीव त्यात ऱ्हाईल."

जोतं सात हात झालं. तिसऱ्या श्रावणात नदी गावात शिरली. माणसं लेकरं, म्हातारी, शेळ्या घेऊन कचेरीत चढली. पाणी तेराव्या पायरीला लागलं आणि तिथेच थांबलं, म्हणे. सटवाजीची झोपडी वाहून गेली. माणूस मात्र एकही गेलं नाही.

पूर ओसरल्यावर सटवाजी आपल्या घराच्या रिकाम्या जागेवर चिखल उपसत होता. इतक्यात एक बाई डोक्यावर दगड घेऊन आली, तो तिने त्याच्यापुढे ठेवला आणि हात जोडले. तिच्यामागे दुसरी आली, मग सगळी गल्ली. दिवस मावळेतो दगडांची रास त्याच्या खांद्याला लागली. "आता बास करा," एवढंच तो म्हणाला आणि मटकन खाली बसून रडला.

आजही नांदणगावात कुणी घर बांधायला काढलं, की गल्लीतल्या घराघरातून एकेक दगड येतो. पहिला दगड ठेवणारा सटवाजी-ठकूबाईचं नाव घेतो, मगच पाया भरायला लागतात.