उत्पल नावाचा मासा

"...पण मग त्यानं स्वतःचीच शेपटी का खाल्ली, भंते?"

अनोम भंते विहाराच्या ओट्यावर बसून समोरच्या उंच काचेच्या बरणीकडे बघत होते.

बरणीत एक पांढरा मासा होता. तळाला टेकलेला.

भंडाऱ्याच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांना लागून हे छोटं विहार. दुपारची वेळ होती. धान नुकतं निसवलं होतं आणि बांध्यांत अजून पाणी होतं. प्रश्न विचारणारा सुगत शेंडे नागपूरहून आला होता. बरणीला शेजारच्या सीटचा पट्टा बांधून, हळूहळू गाडी चालवत.

कॉलेजच्या वयात त्यानं याच विहारात एका पावसाळ्यापुरतं भिक्खूचं चीवर घेतलं होतं. मग नोकरी, लग्न, संसार. आता नागपुरात त्याच्या गच्चीवर माशांच्या बरण्यांच्या रांगा होत्या, आणि लांबलांबचे शौकीन त्या बघायला यायचे. भंतेंकडे मात्र तो कधीमधीच येई.

"हा साधा फायटर मासा नाही," सुगत म्हणाला. "दुकानात बाटलीत मिळतो तो वेगळा. शेपटी पसरली की अर्धा चंद्र होतो, त्याला हाफमून म्हणतात. हा त्याच्याही पुढचा. शेपटीतली एकेक काडी फुटते, फुटलेली परत फुटते. मग चुण्या पडतात, गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या. रोझटेल. पण इतक्या पाकळ्यांचा, असा शुभ्र, कडांना निळी झाक असलेला... तो फक्त माझ्याकडे आहे, भंते."

"किती वर्षं लागली?"

"आमची उत्पला शाळेत जायला लागली तेव्हा सुरुवात केली होती."

भंतेंनी मान हलवली.

"गेल्या आठवड्यात प्रदर्शनात पहिला आला. परीक्षक बरणीपुढून हलेनात. घरी आणला, जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर..."

त्यानं बरणीकडे बोट केलं. पाकळ्यांच्या जागी आता चिंध्या होत्या. काही चिंध्या पाण्यात सुट्ट्या तरंगत होत्या.

"एकटाच होता?"

"एकटाच. दोन नर एकत्र ठेवत नाहीत, मारतात एकमेकांना. याला कुणी हात लावला नव्हता. वळून वळून त्यानं स्वतःच..."

सुगत भंतेंकडे वळला.

"तुम्ही थायलंडात राहिलात, भंते. हा मासा तिकडचाच. तिथले लोक काय करतात? शेपटी तर राहिली पाहिजे, आणि यानं ती खाऊही नये. काहीतरी उपाय असेलच."

बांधावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत भंते थांबले.

"मी होतो ते गाव धानाचं," ते म्हणाले. "आपल्यासारखंच. चिखलात म्हशीचं पाऊल रुततं ना... त्या खळग्यात पाणी साचायचं. हा त्यात राहायचा. मातकट रंगाचा. आखूड शेपटीचा. समोर दुसरा नर आला की अंगावर रंग चढायचा, निळा-हिरवा. तेवढ्यापुरता. मग परत माती."

"तो रानातला."

"हो. लोकांनी आधी त्याला झुंजवला. पैजा लावल्या. चावरा मासा म्हणतात त्याला तिकडे. मग कुणाला त्याचा रंग आवडला. मग कुणाला शेपटी..."

"आणि मग तो सुंदर झाला," सुगत म्हणाला.

भंते आठवल्यासारखं म्हणाले,

"एकदा बांधावर बसून बघितलं होतं. नर पाण्यावर फेस करतो."

"बुडबुड्यांचं घरटं. हो."

"अंडी त्यात ठेवतो. पिल्लं निघाली की खाली पडतात, त्यांना पोहता कुठं येतं. हा खाली जातो. तोंडात झेलतो. वर नेऊन फेसात ठेवतो. ती परत पडतात. हा परत झेलतो. ऊन कलेपर्यंत बसलो मी तिथं. त्यानं काही खाल्लं नाही..."

त्यांनी बरणीकडे पाहिलं.

"हा झेलतो का?"

"नाही. याला नाही जमत. एवढा पसारा घेऊन खाली-वर कसा करणार? पिल्लं मी वेगळी काढतो. पंप लावून वाढवतो."

"बरं."

भंते बरणीकडे जरा झुकले.

"नाव काय ठेवलंस या जातीचं?"

"उत्पल."

भंतेंनी मान वर केली.

"पोरीचं नाव."

"हो. कमळासारखा दिसतो म्हणून... आणि तिच्या बरोबरीनंच वाढवला म्हणून."

ते नाव भंतेंनीच दिलं होतं. बाळाला घेऊन सुगत आणि त्याची बायको याच ओट्यावर बसली होती.

"कशी आहे ती?"

"मजेत."

"डॉक्टरकीला गेली होती ना?"

"हो. सुट्टी आहे सध्या. घरी आलीय."

"कधी आली?"

सुगतनं बरणी उगाच थोडी फिरवली.

"होळीला."

होळी होऊन गेल्यावर पावसाळाही संपत आला होता. सुगत बरणीकडे बघत बोलू लागला.

"दुसऱ्या वर्षाला नापास झाली. सगळ्या विषयांत नाही, पण झाली. बॅग घेऊन सरळ घरी. आमच्या घरात कुणी नापास झालं नव्हतं, भंते. माझे वडील अख्खा जन्म बिडीची पानं कापत बसले, मला शिकवलं. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. ती बारावीला जिल्ह्यात पहिली आली तेव्हा वस्तीतल्या लोकांनी मिरवणूक काढली तिची. पहिली डॉक्टर होणार होती ती... आमच्यातली पहिली."

"हं."

"मी तिला कधी मारलं नाही. कधी काही कमी पडू दिलं नाही."

"काय करते दिवसभर?"

"वरच्या खोलीत असते. झोपते म्हणावं तर झोपत नाही. तिची आई ताट ठेवून येते. कधी अर्धं खाल्लेलं असतं, कधी तसंच..."

"तू जातोस वर?"

"सुरुवातीला गेलो. समजावलं. परत परीक्षा दे म्हणालो, क्लास लावतो म्हणालो. ती नुसती 'हो बाबा' म्हणायची. मग मी जाणं सोडलं. जाऊन बोलायचं काय? लोक विचारतात, सुट्टी आहे सांगतो. तेही आता कमी विचारतात."

त्यानं तोंडावरून हात फिरवला.

"यानं शेपटी खाल्ली त्या सकाळी मी ओरडलो. मोठ्यानंच ओरडलो असेन. ती धावत खाली आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बरणीपुढं उभी राहिली. मला वाटलं, रडेल. रडली नाही. म्हणाली, 'बाबा, जड होत असेल त्याला...'"

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो, तुला काय कळतं."

"मग?"

"मग वर गेली."

बरणीत हालचाल झाली. मासा तळापासून उठला. चिंध्या ओढत, अंग वाकडंतिकडं करत अर्ध्यापर्यंत आला. तिथं थांबला आणि हळूहळू परत खाली गेला.

"कशासाठी उठतोय?" भंतेंनी विचारलं.

"श्वास घ्यायला. या माशाला वरची हवा लागते. तोंड पाण्याबाहेर काढून घोट घेतो."

मासा पुन्हा उठला. या वेळी अर्ध्यापर्यंतही पोचला नाही.

"मग बरणी एवढी उंच का?"

"उंच बरणीत शेपटी खुलून दिसते."

हे म्हणताना सुगतचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणून झाल्यावर तो बरणीकडे जरा वेळ बघत राहिला.

भंते उठले. त्यांचे गुडघे दुखायचे, उठताना ओट्याला धरावं लागायचं. त्यांनी बरणी दोन्ही हातांनी उचलली, पायरीपाशी नेली आणि कलती केली.

पाणी मातीवर सांडू लागलं.

"भंते! काय करताय!"

सुगत धावला. त्यानं बरणीला हात घातला. भंतेंचे हात म्हातारे होते. पण त्यांनी बरणी सोडली नाही, आणि पाणी सांडायचंही थांबवलं नाही.

पाणी बरणीच्या गळ्याखाली आलं. निम्म्यावर आलं. आणखी खाली आलं.

"मरेल तो!"

चिमण्यांना पाणी ठेवायचं एक मातीचं परळ पायरीवर होतं. भंतेंनी उरलेलं पाणी माशासकट अलगद त्यात ओतलं. परळ ते केवढं, चार बोटं खोल. मासा तळाशी टेकला, तरी पाठीवर जेमतेम बोटभर पाणी.

त्यानं नुसतं डोकं वर केलं. तोंड पाण्याबाहेर आलं.

एक घोट घेतला.

पाण्यावर बारीकसा बुडबुडा राहिला आणि फुटला.

सुगत परळापाशी खाली बसला. मासा पुन्हा वर आला. आणखी एक घोट. त्याला काही करावं लागत नव्हतं. फक्त डोकं उचलायचं.

बराच वेळ दोघं बघत राहिले.

"शेपटी परत येते, भंते," सुगत हळूच म्हणाला. "जखम भरली की महिन्याभरात परत येते. पूर्ण."

"आणि मग?"

"...मग परत खातो."

भंतेंनी आत जाऊन एक ओला पंचा आणला आणि परळावर ऊन येत होतं त्या बाजूला धरून उभे राहिले. त्यांचा हात दुखला असेल, पण त्यांनी तो खाली घेतला नाही.

सावलीत मासा पांढरा नव्हता, निळसर दिसत होता. कल्ले उघडत होते, मिटत होते. मग उघडायला वेळ लागू लागला. मग तो एका कुशीवर कलला, आणि फाटलेली शेपटी पाण्यावर पसरली.

सुगतनं करंगळीनं त्याला हलवून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"उशीर झाला," तो म्हणाला.

भंतेंनी पंचा खाली घेतला.

"एवढंसं पाणी लागत होतं त्याला... एवढंसंच. मला माहीत होतं, भंते. मासे पाळणाऱ्या कुणालाही माहीत असतं. दमलेल्या माशाला उथळ भांड्यात ठेवतात. मला माहीत होतं..."

आणि तो रडला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज आत ओढून घेत. भंतेंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. गप्प राहा असंही म्हटलं नाही. ते शेजारी पायरीवर बसले आणि बांध्यांकडे बघत राहिले. त्यांचेही डोळे ओले होते, पण ते त्यांनी पुसले नाहीत.

काही वेळानं सुगतनं मासा ओंजळीत घेतला. विहाराच्या मागं जाऊन धानाच्या कडेच्या मऊ चिखलात बोटांनी खळगा केला. मासा त्यात ठेवला, वर चिखल सारला. बांधीतल्या पाण्यात हात धुतले. नखांत चिखल राहिला होता, तो त्यानं तसाच ठेवला.

परत येऊन त्यानं वाकून वंदन केलं. गाडीपर्यंत गेला. दार उघडलं आणि दाराशीच उभा राहिला.

मग पुन्हा ओट्याकडे आला.

"घरी त्याची पिल्लं आहेत, भंते. त्यांच्या शेपट्या याच्याहून मोठ्या होतील. त्यांना आजच उथळ भांड्यांत काढतो. पुढं ती जात वाढवायची नाही, हेही ठरवलं. एवढं कळतं मला."

त्यानं ओट्याच्या कडेला हात टेकला.

"पण वर जाऊन तिच्यापुढं उभं कसं राहायचं, ते कळत नाही. परीक्षेचं काढणार नाही. लोकांचं काढणार नाही. मग बोलू काय? मासा मेला म्हणून सांगू? तुझंच बरोबर होतं म्हणू? माफी मागितली तर ती नुसती 'हो बाबा' म्हणेल. मला ते 'हो बाबा' ऐकवत नाही आता... तिला काय सांगू, भंते?"

भंतेंनी त्याच्याकडे पाहिलं. एका पावसाळ्यापुरता शिष्य झालेला तो पोरगा आता केस पिकलेला, डोळे सुजलेला समोर उभा होता.

"त्या घरात हरलेली ती एकटीच आहे, सुगत. आज तूही हरलास, तेवढं सांग तिला."