राईतली काटकी

"आईला आणखी किती वर्षं उन्हापावसात ठेवायची, बुवा?"

केरबाने विचारलं. सुभानबुवा चुलीतली राख सारत राहिले.

वाघजाईच्या देवराईला लागून बुवांची झोपडी. केरबा लहानपणी याच चुलीपुढे बसून अक्षरं शिकला. आता तो तालुक्याचा पुढारी होता. टाळ्या पडल्या की माणसाची जीभ सैल सुटते; निवडणुकीच्या सभेत त्याने गावाला वाघजाईचं संगमरवरी देऊळ कबूल करून टाकलं होतं. त्यासाठी निम्मी राई तोडावी लागणार होती. बुवा हो म्हणाले, तरच गाव ऐकणार होतं.

"तुमच्या एका शब्दावर अडलंय सगळं."

"असं..." बुवा म्हणाले. "लांबनं आलाईस, च्या तरी घे. जळाण संपलंय बघ. राईतनं दोन वाळक्या काटक्या आण."

"राईतनं?"

"च्यापुरत्या. जा."

केरबा उठला. राईच्या तोंडाशी त्याने चपला कधी काढल्या, त्याचं त्यालाही कळलं नाही.

आत तोच गारवा होता, कुजक्या पानांचा तोच वास. त्याचा जीव हरखला. इथेच एकदा विटीदांडूसाठी त्याने काटकी उचलली होती. बुवांनी कान धरून ती जिथल्या तिथे ठेवायला लावली होती. "पडल्यालं पानसुदिक आईचं," म्हणाले होते. मग पोर रडतंय म्हणून त्यांनीच तळहातावर गुळाचा खडा ठेवला होता. तसा गूळ पुढे कुठल्याच मेजवानीत त्याला मिळाला नाही.

पायाशी वाळक्या फांद्यांचा खच पडला होता. तो वाकला...

हात पुढे होईना. गाडीतल्या ड्रायव्हरला हाक मारावी, असंही एकदा मनात आलं. त्याची त्यालाच लाज वाटली.

बऱ्याच वेळाने तो रिकाम्या हातांनी परतला.

"घावल्या न्हाईत?"

"हैत की. ढिगानं हैत. पर..." सभा गाजवणारा आवाज पार बसला होता. "उचलवंना, बुवा."

फळीवरचा डबा काढून बुवांनी गुळाचा एक खडा केरबाच्या तळहातावर ठेवला.

"मग कुऱ्हाड कुणाच्या हातात देनार हैस, केरबा?"