चांदीचा गिअर नॉब

कारखानदार विश्वजित इंगवल्यांनी आपल्या स्पोर्ट्स कारला परदेशातून चांदीचा गिअर नॉब मागवला, पण त्याचे आटे गाडीतल्या गिअरच्या दांड्याशी जुळेनात. कारखान्यातले इंजिनिअर आणि कोल्हापुरातले चार गॅरेजवाले हरले. तेव्हा इंगवले उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या जैतुनबींकडे आले. दारावर पाटी होती, 'काहीही जोडून मिळेल.'

"दांडा कापायचा नाही, नॉबला कानस लावायची नाही," इंगवले गुर्मीत म्हणाले. "जमलं नाही तर पाटी उतरवा."

जैतुनबींनी पेरभर पितळी नळी कातली. तिला आतून दांड्याचे आटे पाडले, बाहेरून नॉबचे. नळी दांड्यावर चढली, नॉब नळीवर घट्ट बसला.

इंगवले पाहतच राहिले. "माझ्या इंजिनिअरांना हे कसं सुचलं नाही?"

"दोघांतल्या कुणाला झिजवायचं, तेवढंच ते बघत होते, साहेब. दोघांचं ऐकणारा तिसरा मी शोधला."

इंगवल्यांनी आयुष्यात प्रथमच एका कारागिराला वाकून नमस्कार केला.