ठसा नसलेली चाळीस हत्यारं

म्हाळू लोहाराला फौजेनं धरून नेलं, ते एका कोयत्यापायी!

बंडाची कुजबुज राजाच्या कानावर गेली आणि फर्मान सुटलं, ज्या हत्यारावर राजमुद्रेचा ठसा नाही ते बेकायदा! सरदार गजाबा शंभर शिपाई घेऊन बाभूळखेड्यात घुसले. त्यांनी धान्याच्या कणग्या उपड्या केल्या, चुली खणल्या, सारवलेल्या जमिनी उकरल्या. एवढं करून सापडला तो म्हाळूचा ऊसतोडीचा कोयता.

म्हाळूची लेक सगुणा तडक दरबारात गेली. गजाबाही तिथंच उभे होते.

"महाराज, माझ्या पणज्यानं घडवलेला कोयता त्यो! तवा ठसा कुठं हुता?"

"ठसा नाही म्हणजे बेकायदा! मग ते कुणाचंही असो, केव्हाचंही असो!" राजा गरजला. त्याला एकदा हट्ट चढला की उतरत नसे. "बाकीची हत्यारं तुम्ही गावकऱ्यांनी दडवलीत. नवमीपर्यंत अशी चाळीस हत्यारं दाखव, नाहीतर तुझा बाप जन्मभर तळघरात!"

सगुणानं मनातल्या मनात गाव मोजलं. अख्ख्या गावात चाळीस विळ्याही निघाल्या नसत्या! पण नवमी म्हणताच तिला काहीतरी आठवलं. दरवर्षी नवमीच्या आधी बाप राजवाड्यावर कामाला जायचा, आणि घासायला राख-चिंच घेऊन त्याच्यासोबत ती.

"दावते. पर कुणाच्याबी घरात झडती घ्यायचा हुकूम द्या."

"दिला! हवं ते घर पाहा!"

खंडेनवमीला राजवाड्यात शस्त्रपूजा मांडली होती. म्यानातून काढून लखलखीत घासलेली पाती पाटांवर ओळीनं ठेवली होती, वर झेंडूची फुलं. राजा गंध लावणार, तोच सगुणा आत!

"थांबा महाराज! झडती हाय!"

"हिला बाहेर काढा!" गजाबा ओरडले.

"आन् महाराजांचा हुकूम, सरदार? तुमच्याच म्होरं दिलाय की!"

गजाबा बाजूला सरले. सगुणा एकेक पातं निरखू लागली. "ही थोरल्या महाराजांची तलवार. ठसा न्हाई! ह्यो दांडपट्टा. ठसा न्हाई! ही कट्यार..." मोजता मोजता ती थांबली. "बेचाळीस! दोन जास्तच भरली!"

"अगं, ही तलवार माझ्या आजोबांची! तेव्हा ठसा कुठं होता?" राजा उसळून म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

"कुणाचंबी असो, केव्हाचंबी असो, तुम्हीच म्हणालात. आता सांगा महाराज, तळघरात माझ्या बाच्या शेजारी कुणाकुणाची वळकटी टाकायची?"

राजाच्या मिशा थरथरल्या, आणि तो खो-खो हसत सुटला!

"गजाबा, म्हाळूला सोडा! तो कोयता आणा, माझ्या आजोबांच्या तलवारीशेजारी पाटावर मांडा. फर्मान रद्द! आणि पोरी, माग काय हवं ते!"

"गावच्या जमिनी सारवून द्या महाराज. ज्यांनी उकरल्या, त्यांच्याच हातानं!"

दसऱ्याच्या सकाळी बाभूळखेड्यात शंभर शिपाई कोपरापर्यंत शेणात! राजा मुद्दाम बघायला आला होता. म्हाळूच्या घरात सरदार गजाबा घाम पुसत उठू लागले, तशी दारातून सगुणा म्हणाली,

"सरदार, चुलीमागचा कोपरा राहिला की!"

राजा पोट धरून हसला, आणि गजाबा मुकाट्यानं पुन्हा खाली बसले.