भिंतीपलीकडचा वेल

सुभानराजांच्या बागेत एक वेल दिसू लागला आणि त्याचं नाव कुणालाच सांगता येईना. मागच्या भिंतीवर तो ऐसपैस पसरला होता. दांडा जांभळट, पानं जाड आणि तुकतुकीत. त्या कोरड्या मुलखात इतकं रसरशीत काही कुणी पाहिलेलं नव्हतं. एका सकाळी तुळशीकडे जाताना राणीसाहेबांच्या दासीच्या हातून चिमूटभर कुंकू त्यावर सांडलं. झालं! मग कुणी हळद वाहिली, कुणी खाली शेंदूर फासून दगड ठेवला आणि महिन्याभरात वेलापुढे घंटा टांगली गेली. आपल्याकडे देव व्हायला एवढं पुरतं.

शास्त्रीबुवांनी सांगितलं, हा स्वर्गातला वेल; पान तोडेल त्याचा निर्वंश होईल. राजवैद्य त्र्यंबकपंतांना शास्त्रीबुवांचं म्हणणं कधीच पटत नसे. ते म्हणाले, हा विषवेल. पान खाईल तो आडवा होईल. राजे पेचात पडले. देव असेल तर देऊळ बांधायला हवं, विष असेल तर वेल उपटायला हवा, आणि उपटल्यावर तो देव निघाला तर? शेवटी वैतागून त्यांनी येसबा माळ्याला बोलावलं.

"वेल तुझ्या बागेतला. उद्या दरबारात त्याचं नाव सांग आणि तो देव की विष ते सिद्ध कर. पान तोडायचं नाही, माणसाला-जनावराला खायला घालायचं नाही. जमलं नाही तर बाग सोडून चालता हो."

येसबाचा जन्म त्या बागेत गेला होता. त्याच्या बायकोनं लावलेला सोनचाफा तिथंच होता. ती गेल्यापासून रोज सकाळी त्या झाडाखाली बसून तो तंबाखू मळायचा आणि तिच्याशी दोन शब्द बोलायचा. बाग सुटली तर हेही सुटणार होतं. घरी येऊन त्यानं खुरपं कोपऱ्यात टाकलं आणि पांघरूण ओढून घेतलं.

त्याची लेक हौसा मात्र गप्प बसणारी नव्हती. तिच्या जिभेला हाड नाही, असं सगळा वाडा म्हणायचा. तिनं बापाकडून सगळं काढून घेतलं आणि विचारलं, वेलाचं मूळ कुठाय? येसबाला ते ठाऊक नव्हतं. वेलापुढच्या हार-नारळांच्या ढिगाला हात लावायची माळ्याला बंदी होती. हौसानं सरळ जाऊन ढीग बाजूला सारला. तिथं मूळ नव्हतंच. तिनं मान वर करून भिंतीकडे पाहिलं, पदर खोचला आणि वळसा घालून पलीकडे गेली. परत आली ती हसतच.

दुसऱ्या दिवशी दरबारात येसबाच्या जागी तीच उभी राहिली. पहिला प्रश्न तिनं वैद्यांना केला, हे विष चढल्यावर माणसाचं काय होतं? त्र्यंबकपंत खुलले. पोट तट्ट फुगतं, डोळे जड होतात, माणूस बसल्या जागी कलंडतो आणि घशातून घरघर ऐकू येते, असं त्यांनी रंगवून सांगितलं. दरबारी मंडळी एकदम जमिनीकडे बघायला लागली. जेवणानंतरच्या दरबारात हे सगळं त्यांनी रोज पाहिलेलं होतं.

"मग हे इख तर म्हाराज रोजच खात्यात," हौसा म्हणाली.

राजे ताडकन उठले. हौसा जागची हलली नाही. भिंतीपलीकडं चला, मग काय ती शिक्षा करा, एवढंच ती म्हणाली.

भिंतीपलीकडे मुदपाकखान्याचं परसू होतं. राजांनी काय, शास्त्री-वैद्यांनीही जन्मात तिथं पाऊल टाकलं नव्हतं. मोरीच्या पाण्यावर वेलाचं मूळ माजलं होतं आणि स्वयंपाकीण भागीरथीकाकू खुडलेल्या पानांची टोपली घेऊन बसल्या होत्या. शेजारी कढई तापत होती. एवढा दरबार परसात पाहून त्या गडबडल्या. हा मायाळूचा वेल, भाजीचा; कोकणातून, माहेराहून येताना दांडा आणून इथं खोचला, असं त्यांनी सांगितलं. भिंतीपलीकडे त्याचा देव झालाय, हे त्यांच्या कानावरही आलं नव्हतं.

"महाराज रोज ताटभर भजी संपवतात ती याचीच," काकू म्हणाल्या. "कशाची, ते कुणी विचारलंच नाही."

हौसा पुढे झाली. "म्या पान तोडलं न्हाई, कुनाला खायाला घातलं न्हाई. खानारे आपून हुकमाच्या आदीपासनं खात्यात, आन् समोर उभे हायेत."

शास्त्रीबुवा पांढरेफटक पडले. राजांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले, पण त्यांनी आवाज चढवला, "आम्ही देव खाल्ला म्हणायचं का? आणि उद्यापासून या वेलाला नैवेद्य दाखवायचा की नाही?"

"वेलाला कशाला, म्हाराज? वेलाच्या भज्यांचाच निवद दावा की देवाला. मागनं ताट म्होरं वढायला आपून हायेतच."

राजे इतके हसले की त्यांना मोरीच्या कट्ट्यावर बसावं लागलं. हसू ओसरल्यावर त्यांनी बाग येसबाला वंशपरंपरेनं बहाल केली, हौसाला जरीचं लुगडं दिलं आणि कढईतलं पहिलं भजं त्र्यंबकपंतांच्या हातावर ठेवलं. पंतांनी डोळे मिटून ते खाल्लं आणि दुसरं मागितलं.

येसबा सोनचाफ्याखाली बसून हे सगळं बायकोला सांगत राहिला. वेलापुढची घंटा मुदपाकखान्याच्या दाराला लागली. आता ती वाजली की भजी तयार झाली असं समजायचं, आणि सगळ्यांत आधी तिथं पोचतात ते शास्त्रीबुवा.